जिभेवरचा जाळ आणि वाटीभर ताक

मित्रांनो, तिखट लागलं की माणसांचे चार प्रकार पडतात. पहिले, झटकन तांब्या तोंडाला लावणारे. दुसरे, तोंड उघडं टाकून 'हा हा' करत वारा घेणारे. तिसरे, साखरेचा डबा शोधत स्वयंपाकघरात पळणारे. आणि चौथे म्हणजे डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असतानाही "छे, मला कुठं काय लागलं?" असं म्हणणारे!

आमच्या बीड जिल्ह्यात हा चौथा प्रकार फार. माझं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. मांजरा नदीचा उगम आमच्याच तालुक्यातला. पण उगमाजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला नदी कमी आणि दगडधोंडे जास्त येतात. जमीन हलकी, पाऊस लहरी. ताटात जवारीची किंवा बाजरीची भाकर, तिच्यावर मिरचीचा ठेचा, फार तर शेंगदाण्याची चटणी. लग्नकार्यात येसराची आमटी. आणि कंदुरीच्या जेवणातला रस्सा तर असा, की पहिल्या घासालाच कानाच्या पाळ्या गरम व्हाव्यात. असलं जेवण जेवणाऱ्या मुलखात तोंड थंड करण्याच्या युक्त्या माहीत नसतील, तर कुठं असणार?

माझ्या आजीचा ठेचा तव्यावरच व्हायचा. हिरव्या मिरच्या, लसूण, मूठभर शेंगदाणे तव्यावर भाजायचे, मीठ टाकायचं आणि पितळी तांब्याच्या बुडाने तिथंच रगडायचं. त्याचा ठसका लागून शेजारच्या घरातलं माणूस शिंकायचं. आम्ही लेकरं पहिला घास खाल्ला की नाकातोंडातून पाणी गाळत माठाकडं धावायचो. आजी तिथूनच ओरडायची, "पाणी पिऊ नको गं, जाळ पसरंल! भाकर खा कोरडी. चावून चावून खा!"

आजी शाळेत गेलेली नव्हती. पण तिचं म्हणणं किती शास्त्रशुद्ध होतं, हे मला डी.एड. होऊन शिक्षिका झाल्यावर पुस्तकं वाचता वाचता कळलं.

मिरचीचा तिखटपणा ज्या पदार्थामुळे येतो त्याचं नाव कॅप्सेसिन. हे नाव त्याला जॉन थ्रेश या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ साली दिलं. पुष्कळांना वाटतं, तिखटपणा बियांत असतो. तसं नाही बरं का! बिया ज्याला चिकटलेल्या असतात, त्या आतल्या पांढऱ्या गाभ्यात तो सर्वांत जास्त असतो. बियांना तो नुसता माखलेला असतो. आणि मुख्य गोष्ट ही, की कॅप्सेसिन तेला-तुपात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. तेलकट हात नुसत्या पाण्याने धुऊन पाहा. तेल जातं का? नाही, उलट इकडचं तिकडं पसरतं. जिभेवरही तेच होतं. गार पाणी तोंडात असेपर्यंत बरं वाटतं. ते पोटात गेलं की जाळ पुन्हा हजर, आणि तोही घशापर्यंत पसरून.

आता दुसरी गंमत. गोड, आंबट, खारट या चवी आपल्याला जिभेवरच्या रुचिकलिकांमुळे कळतात. तिखटाचं तसं नाही. ते जीभ चाखत नाही, तर सोसते! आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर फार बारीक दरवाजे असतात. त्यांतला एक दरवाजा साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढं तापमान गेलं की उघडतो आणि मेंदूला तार करतो, 'पोळतंय, सावध व्हा!' कढत चहाने जीभ भाजते तेव्हा हाच दरवाजा उघडतो. कॅप्सेसिनकडं या दरवाजाची चोरकिल्ली आहे. ते गार मिरचीतून येतं आणि तरीही दरवाजा उघडतं. मेंदूला वाटतं, तोंडात आगच लागली. मग तो घाम सोडतो, डोळ्यांत पाणी आणतो, नाक वाहायला लावतो. प्रत्यक्षात जीभ भाजलेली नसते. या दरवाजाचा शोध अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली लावला. त्याला टीआरपीव्ही-१ असं रुक्ष नाव आहे. ज्युलियस यांना २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन या शास्त्रज्ञांच्या बरोबरीने मिळालं. म्हणजे बघा, मिरची खाऊन हाशहुश करणं ही थेट नोबेलपर्यंत पोचणारी गोष्ट आहे!

पक्ष्यांचा दरवाजा मात्र या चोरकिल्लीने उघडत नाही. म्हणून पिंजऱ्यातला पोपट मिरची कचाकचा खातो आणि त्याला काही होत नाही. पक्षी मिरची खातात आणि बिया दूरदूर नेऊन टाकतात. मिरचीच्या झाडाला हेच हवं असतं.

मग जाळ विझवायचा कसा? आमच्या घरातल्या युक्त्या एकेक करून सांगते.

पहिली युक्ती कोरडी भाकर. भाकरीचा कुटका चावताना जिभेवरचं तेलकट तिखट पुसलं जातं, भाकर ते स्वतःत ओढून घेते. मेंदूकडं जाणारा निरोपही जरा विभागला जातो. भात, फुटाणे, मुरमुरेही चालतात.

दुसरी युक्ती दूध, दही आणि ताक. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. ते कॅप्सेसिनला पकडतं आणि जिभेवरून उचलून नेतं, साबण जसा हातावरचं तेल नेतो तसा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली लोकांना तिखट पेय पाजून नंतर वेगवेगळी पेयं देऊन पाहिली. दूध सर्वांत उपयोगी ठरलं. विशेष म्हणजे साय काढलेलं दूधही सायीच्या दुधाइतकंच कामाला आलं. म्हणजे काम स्निग्धांशापेक्षा प्रथिनाचं असावं. हे वाचलं आणि मला ताक आठवलं. लोणी काढून घेतलेलं, गरिबाघरचं पातळ ताक! त्यात लोणी नसलं तरी केसीन असतंच.

तिसरी युक्ती गूळ-साखर. त्याच प्रयोगात एक गोड सरबतही दुधाच्या जोडीला बसलं होतं. गोडाने तिखटाची जाणीव दबते, ही गोष्ट तशी जुनीच. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकी औषधतज्ज्ञाने मिरचीचा तिखटपणा मोजायची रीत काढली, तेव्हा त्याने मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यातच पातळ करत नेला होता. चाखणाऱ्याला तिखट लागेनासं होईपर्यंत जितक्या पट पाणी घालावं लागलं, तितका तिखटपणाचा आकडा. ढोबळी मिरचीचा आकडा शून्य. आसामकडची भूत जोलोकिया २००७ साली १० लाखांवर गेली आणि जगातली सर्वांत तिखट मिरची ठरली. आता तिलाही मागं टाकणाऱ्या मिरच्या निघाल्या आहेत. २०२३ साली 'पेपर एक्स' नावाच्या मिरचीचा आकडा २६ लाख ९३ हजार भरला!

पावसाळा सरता सरता आमच्या डोंगरात सीताफळं पिकतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ठेचा-भाकरीवर सीताफळाचा गोड, मऊ गर म्हणजे औषधच. केळंही तसंच. तूप असेल तर भाकरीला लावून खावं, त्यात तिखट विरघळतं. बर्फाने तेवढ्यापुरतं बधिर वाटतं, आणि पुदिन्याने गार वाटतं, कारण पुदिना मेंदूला 'गार' सांगणारा दुसराच दरवाजा उघडतो. कढत चहा मात्र चुकूनही घेऊ नका. आधीच उघडलेला दरवाजा त्याने सताड उघडतो.

तुम्ही म्हणाल, इतका त्रास आहे तर मिरची खायचीच कशाला? प्रश्न बरोबर आहे. मिरची मुळात आपली नव्हेच. ती अमेरिका खंडातली, मेक्सिकोकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर आणली. म्हणजे आमच्या अंबाजोगाईचे आद्यकवी मुकुंदराज, ज्यांचा 'विवेकसिंधू' ११८८ सालचा मानतात, त्यांनी कधी मिरची पाहिलीसुद्धा नसणार! त्या काळी तिखटपणासाठी मिरी, सुंठ, आलं, पिंपळी होती. मिरीवरूनच मिरचीला नाव मिळालं.

मग परक्या मुलखातली ही पाहुणी आमच्या कोरडवाहू भागात अशी कायमची का राहिली? कारण ती परसात चार रोपं लावली तरी येते, वाळवून गाडग्यात भरली तर वर्षभर टिकते. आणि तिखटाने तोंडाला पाणी सुटतं. कोरड्या भाकरीबरोबर कोरड्यास करायला घरात काहीच नसलं, तरी चिमूटभर चटणीवर अख्खी भाकर घशाखाली उतरते. आमच्याकडं मिरची ही नुसती चव नाही. कैक घरांत तीच भाजी असते.

याचा अर्थ मला १९७२ साली कळला. मी तेव्हा चौथीत होते. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी जवारी मिळायची. तिची भाकर घशाखाली उतरता उतरायची नाही. मग आजी गाडग्यातल्या मागल्या सालच्या वाळक्या मिरच्या काढायची आणि चटणी वाटायची. तिखटाच्या जोरावर मिलोची भाकर पोटात जायची खरी, पण नंतर जो जाळ व्हायचा त्याला उतारा नव्हता. प्यायचं पाणी मोजून, आणि ताक तर नाहीच. चारा नाही म्हणून आमची म्हैस दादांनी बाजारात नेऊन विकली होती.

मित्रांनो, तोपर्यंत आमच्या गावात ताक विकण्याची रीत नव्हती. ज्याच्या घरी दुभतं, तो सकाळी घुसळण झालं की ताक शेजारीपाजारी वाटायचा. लोणी घरचं, ताक गावाचं! आमच्या घरूनही रोज चार-पाच घरी तांब्या जायचा. आता आमच्यावरच मागायची पाळी आली. आळीत एका काकूंची म्हैस तेवढी उरली होती. तीही आटत चाललेली. एके दिवशी माझ्या धाकट्या भावाच्या तोंडात चटणीने आग झाली आणि तो काही केल्या राहीना. आजी उठली, लोटी पदराखाली घेतली आणि मला घेऊन काकूंच्या दारी गेली. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' ही म्हण तुम्ही पुस्तकात वाचली असेल. मी ती त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. आजी इकडचं तिकडचं बोलत राहिली, पाऊसपाण्याचं विचारत राहिली. लोटी काही पदराबाहेर येईना.

काकूंनीच शेवटी हात पुढं केला. म्हणाल्या, "काढा ती लोटी, आत्याबाई. इतकी वर्षं तुमच्या घरचं ताक प्यालो तवा आमी मोजलं व्हतं का?"

ताक कसलं ते, पाणीच जास्त. पण भावाने दोन घोट घेतले आणि त्याचं रडू थांबलं. त्यानंतर काकूंनी म्हैस आटेपर्यंत रोज आळीतल्या प्रत्येक घराला एकेक वाटी ताक दिलं. फक्त लहान लेकरांसाठी. मोठ्या माणसांनी आपापला जाळ आपापला सोसला. पुढं दुष्काळी कामावर सुकडी मिळायला लागली. दादा आपल्या वाटणीची गोड, पिठूळ सुकडी धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. चटणी-भाकरीवर तिची चिमूट जिभेवर ठेवली की काय बरं वाटायचं!

मोठी झाल्यावर मी धारूर तालुक्यातल्या डोंगरातल्या एका शाळेत शिकवत होते. १९९४-९५ ची गोष्ट असेल. तुम्हांला ठाऊकच असेल, आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावं अर्धी रिकामी होतात आणि शाळाही. दुपारच्या सुट्टीत कडुलिंबाखाली पोरं गोल करून डबे खायची. दिवाळीनंतर तो गोल लहान व्हायचा. त्यात एक मुलगी होती, आई-बाप कारखान्यावर गेलेले, ती आजीजवळ राहिलेली. तिच्या डब्यात रोज भाकर आणि ठेचा. बाकीची पोरं तिखटाने नाचायची, ही मुकाट्याने खायची.

मी एकदा विचारलं, "तुला तिखट लागत नाही का गं?"

ती म्हणाली, "लागतंय की, बाई. पण सांगून काय करायचं? ताक थोडंच येणारंय?"

मग जरा थांबून म्हणाली, "कोपीवर असलं की बरं असतंय. तिथं ऊस असतोय. चटणी-भाकर खायची अन् वरून कांडं चोखायचं. पण रस गपकन गिळायचा नाही, बाई. तोंडात घोळवायचा. मग जाळ जातोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गातच परीक्षा घ्यायची ठरवली. ज्यांची खुशी होती त्यांनी ठेच्याचा एकेक इवलासा कण खाल्ला. कुणी पाणी प्यालं, कुणी कोरडी भाकर चावली, कुणी गूळ तोंडात धरला, कुणी ताक घोळवलं. घड्याळ माझ्या हातात, आणि निकाल लिहायला तीच मुलगी. पाणीवाले सर्वांत शेवटपर्यंत 'हा हा' करत राहिले. ताकवाले आधी गप्प झाले. गूळवाले त्यांच्या पाठोपाठ. फळ्यावर 'गूळ' हा शब्द लिहिताना तिच्या चेहऱ्यावर जे हसू फुललं, ते मी आजही विसरलेली नाही. कोपीत शिकलेली तिची विद्या सगळ्या वर्गासमोर खरी ठरली होती.

त्यानंतर पोरांनी कुठून तरी एक पत्र्याचा डबा आणला. त्यात गुळाचे खडे. जेवताना तो गोलाच्या मध्ये ठेवायचा, ज्याला लागेल त्याने घ्यायचा. पुढच्या दिवाळीनंतर मात्र ती मुलगी वर्गात दिसली नाही. आजी वारली होती, त्यामुळे तिलाही कारखान्यावर जावं लागलं. उन्हाळा लागता लागता ती परत आली. उन्हाने काळवंडलेली, हाताला उसाच्या पात्यांचे ओरखडे. पिशवीतून तिने गुळाची छोटी ढेप काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "डब्यातला संपला असंल म्हणून आणला, बाई." त्या वर्षी तिचा बुडालेला अभ्यास आम्ही सगळ्यांनी मिळून भरून काढला. गोलातल्या प्रत्येकाने तिच्यासाठी एकेक विषयाची वही उतरवून काढली.

जाता जाता दोन इशारे. मिरच्या कुटल्यावर किंवा चिरल्यावर हात डोळ्यांना लावू नका. आधी हाताला गोडेतेल चोळा, मग साबणाने धुवा. आणि 'बघू कोण जास्त तिखट खातो' अशी पैज चुकूनही लावू नका. २०२३ साली अमेरिकेत अशाच पैजेचा अतितिखट पदार्थ खाल्ल्यावर १४ वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याचं हृदय आधीच वाढलेलं होतं, असं तपासणीत निघालं. कुणाच्या शरीरात काय दडलेलं आहे हे वरून दिसत नाही. तिखट खाऊन कुणाला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, छातीत दुखू लागलं, तर गूळ-ताकाच्या नादी न लागता ताबडतोब मोठ्या माणसांना बोलवा आणि डॉक्टरांकडे न्या.

हल्ली ताक पिशवीत मिळतं, थंडगार आणि मसाला घातलेलं. दुष्काळ मात्र अजून येतातच. २०१९ साली आमच्या जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हा कितीतरी घरांतलं घुसळण पुन्हा थांबलं होतं. दावणीला जनावर आणि आडाला पाणी असेल तरच वाटीत ताक येतं, ही गोष्ट आम्हां दुष्काळी भागातल्या लोकांना कुणी शिकवावी लागत नाही.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी डबा खाताना तुमच्याशेजारी कुणी डोळ्यांत पाणी आणून "मला नाही लागलं तिखट" म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. हसूही नका. गुपचूप गुळाचा खडा त्याच्याकडं सरकवा. आणि त्याला सांगा, लगेच गिळू नको, घोळव तोंडात!